उन्हवऱ्याचें पाणी आणि राष्ट्राची वीज

कोंकणच्या नकाशावर नजर टाकली असतां उन्हवरें, उन्हाळें, उन्हेरें अशीं एकाच घराण्यांतील वाटावीं अशीं ग्रामनामें आढळतात. तीं खरोखरच एका घराण्यांतील आहेत. संस्कृतांतील 'उष्ण' शब्दाचें प्राकृतांत 'उण्ह' झालें, आणि त्याचेंच मराठींत 'ऊन्ह' व 'ऊन' झालें. राजापूरजवळचें उन्हाळें, पालीजवळचें उन्हेरें, दापोली-खेडकडील उन्हवरें आणि खानदेशांतील उनपदेव ह्या सर्वांनीं आपापल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांची खूण नांवांत जपून ठेविली आहे. उत्तरेकडे बदरीनारायणापाशीं तप्तकुंड आहे, छत्तीसगडांत तातापानी आहे. अर्थात् भूमीच्या पोटांत उष्णता आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस कोणी सांगावी लागली नाहीं. त्यांनीं ती ओळखली, तिला नांव दिलें, तिच्याशेजारीं देऊळ बांधलें, आणि त्वचारोग व संधिवात ह्यांवरील उपाय म्हणून त्या पाण्यांत स्नानहि केलें. तिच्याकडून काम करवून घेणें तेवढें राहून गेलें. तें कां राहिलें आणि आतां तें कसें साधेल, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ह्या उष्णतेचें मूळ पाहूं. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून खोल जावें तसतसें तापमान वाढत जातें. सामान्य प्रदेशांत ही वाढ दर किलोमीटरला सुमारें २५ ते ३० अंश सेंटिग्रेड असते. ह्या उष्णतेचा कांहीं भाग पृथ्वी घडली त्या काळचा, म्हणजे साडेचार अब्ज वर्षांपूर्वींचा, शिल्लक उरलेला आहे. आणि कांहीं भाग खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम ह्या द्रव्यांच्या संथ विघटनामुळें अजूनहि उत्पन्न होत आहे. पावसाचें पाणी भेगांवाटे खोल झिरपतें, तेथें तापतें, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेनें वर येतें. तोच आपला ऊन पाण्याचा झरा. जेथें भूकवच फाटलेलें किंवा पातळ झालेलें असतें, तेथें ही उष्णता वरच्या थरापर्यंत येऊन पोंचते. अशा ठिकाणीं एक-दोन किलोमीटर खोल विहीर घेतली, तर दोनशें अंशांवर तापलेलें पाणी वर येतांना दाब कमी झाल्यामुळें वाफेच्या रूपानें उसळतें. त्या वाफेनें टर्बाइनचें चक्र फिरवावयाचें, त्यावर वीज उत्पन्न करावयाची, आणि निवालेलें पाणी दुसऱ्या विहिरीनें पुनः भूमींत सोडावयाचें, हें ह्या विद्येचें सार होय. कोळशाच्या केंद्रांतहि वाफच चक्र फिरविते. येथें मात्र चूल भूमीनें पेटविलेली असते आणि तिला सरपण घालावें लागत नाहीं.

ही विद्या नवी नाहीं. इटलींतील लार्देरेल्लो येथें १९०४ सालीं पिएरो जिनोरी कोंती नांवाच्या सरदारानें भूमींतून येणाऱ्या वाफेवर एक लहानसें यंत्र चालवून विजेचे पांच दिवे लाविले. १९१३ सालीं तेथेंच २५० किलोवॅटचें पहिलें वीजकेंद्र सुरू झालें. आज जगांतील अशा सर्व केंद्रांची मिळून शक्ति सुमारें सोळा हजार मेगावॅट आहे. अमेरिका, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स हे देश त्यांत अग्रभागीं आहेत.

गृहस्थाश्रमी वाचकांस आइसलंडची हकीकत अधिक जवळची वाटेल. त्या देशाची राजधानी रेक्याविक. तेथून सुमारें तीन किलोमीटरांवर ऊन पाण्याचीं कुंडें होतीं, आणि गांवांतील स्त्रिया धुण्याचीं गांठोडीं घेऊन वाऱ्यापावसांत तेथपर्यंत पायीं जात. १९३० सालीं त्याच जागेवरून गांवांत नळ आणला. त्या पाण्यानें ज्या इमारती प्रथम उबदार झाल्या त्यांत एक शाळा होती. तिच्याबरोबर इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरें होतीं. आज त्या देशांतील दर दहा घरांपैकीं नऊ घरें भूमीच्या उष्णतेनें ऊब घेतात. आपल्या स्नानगृहांतील यंत्रास आपण 'गीझर' म्हणतों, तो शब्द मूळ आइसलंडचा. 'गेसिर' हें तेथील एका उसळत्या झऱ्याचें नांव. रेक्याविकच्या न्हाणीघरांत ऊन पाणी भूमींतून येतें, आणि आपल्याकडे त्याच नांवाच्या यंत्रासाठीं चंद्रपूर-कोराडीस कोळसा जाळावा लागतो.

आपल्याकडे ह्या विषयाची हेळसांड अज्ञानामुळें झाली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९६६ सालीं सरकारनें उष्ण झऱ्यांच्या अभ्यासासाठीं एक समिति नेमली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें देशांतील साडेतीनशेंच्या आसपास उष्णस्थळांची नोंद केली व १९९१ सालीं त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ह्या सर्वांपासून सुमारें १०,६०० मेगावॅट शक्ति मिळूं शकेल, असा अंदाजहि करण्यांत आला.

ह्या स्थळांत अग्रमान लडाखांतील पुगा खोऱ्याचा. भारताचा भूखंड आशियाच्या भूखंडास जेथें भिडला, त्या सांध्यावर सुमारें ४,४०० मीटर उंचीवर हें खोरें आहे. तेथील झऱ्यांचें तापमान ८४ अंशांपर्यंत जातें. आणि इतक्या उंचीवर पाणी सुमारें ८५ अंशांवरच उकळत असल्यामुळें तें जवळजवळ आधणाचेंच पाणी म्हणावयाचें. १९७० नंतरच्या दशकांत तेथें ३४ छिद्रें घेण्यांत आलीं. त्यांतील सर्वांत खोल छिद्र अवघें ३८५ मीटरांचें होतें, तरी १४० अंशांपर्यंत तापमान आढळलें. ह्याच खोऱ्यांत भटक्या चांगपा मेंढपाळांच्या मुलांसाठीं एक निवासी शाळा आहे. जेथें इंधन ट्रकांनीं घाट चढवून न्यावें लागतें आणि हिंवाळ्यांत पारा शून्याच्या पुष्कळच खालीं उतरतो, त्या प्रदेशांत मुलें शिकत आहेत आणि त्याच खोऱ्यांत उकळतें पाणी वायां वाहत आहे, ही गोष्ट कोणाहि शिक्षकाच्या मनाला लागल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरें स्थळ हिमाचलांतील मणिकर्ण. तेथें यात्रेकरू तांदळाची पुरचुंडी कुंडांत सोडून भात शिजवितात, आणि गुरुद्वाराच्या लंगरचें अन्नहि त्याच उष्णतेवर शिजतें. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथें पांच किलोवॅटचें एक प्रायोगिक यंत्र चालवून पाहिलें. उष्णोदकाच्या बळावर चालणारें साडेसात टनांचें शीतगृहहि करून पाहिलें. पांच किलोवॅट म्हणजे आपल्या घरांतील दोन गीझरांपुरती वीज! तेलंगणांत मणुगुरू येथें कोळशाच्या शोधार्थ पूर्वीं घेतलेल्या छिद्रांतून ऊन पाणी निघालें. त्यावर अलीकडे २० किलोवॅटचें यंत्र बसविलें आहे. एवढ्यावरच आपली मजल थांबली. २०२५ सालापर्यंत भूगर्भाच्या उष्णतेवर विक्रीची वीज देणारें एकहि केंद्र ह्या देशांत उभें राहिलें नव्हतें.

ह्याचें मुख्य कारण शोधूं लागलें असतां तें पहिल्या विहिरीपाशीं सांपडतें. कोळशाचें केंद्र उभारणाऱ्यास कोळसा कोठें व किती आहे हें आधीं ठाऊक असतें. सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्यास सूर्य शोधावा लागत नाहीं. भूमीच्या उष्णतेचें तसें नाहीं. खालीं पाणी आहे कीं नाहीं, असल्यास पुरेसें तापलेलें आहे कीं नाहीं, आणि खडकांतून तें वाहतें कीं नाहीं, हें कोट्यवधि रुपये खर्चून विहीर घेतल्यावरच कळतें. आणि नव्या क्षेत्रांतील पहिली विहीर यशस्वी होण्याचा संभव साधारण निम्माच असतो. ज्यांनीं शेतांत बोअर मारविली आहे त्यांना ह्या गोष्टीचें वर्म सांगावयास नको. तीनशें फूट गेल्यावरहि कोरडी भुकटीच वर आली, तर एकट्या शेतकऱ्याचें कंबरडें मोडतें. परंतु चार भावांचें कुटुंब एकत्र असेल, तर तो घाव चौघांच्या मिळकतींत वांटला जातो, दुसरी जागा पाहण्याचें धैर्य उरतें, आणि पाणी लागलें म्हणजे चारी बिऱ्हाडें तें पितात.

ज्या राष्ट्रांनीं ह्या कामीं यश मिळविलें, त्यांनीं हाच एकत्र कुटुंबाचा न्याय स्वीकारला. आइसलंडच्या सरकारनें १९६७ सालीं ऊर्जानिधि स्थापन करून विहिरी खोदण्यास कर्जें दिलीं, आणि विहीर निष्फळ ठरल्यास त्या कर्जाचें अनुदानांत रूपांतर करण्याची सोय ठेविली. केनियाचें उदाहरण आपणांस अधिक लागू पडेल, कारण तो देश श्रीमंत नाहीं. तेथें ओल्कारिया येथें १९८१ सालीं १५ मेगावॅटचें पहिलें यंत्र चालूं झालें. पुढें २००८ सालीं तेथील सरकारनें एक स्वतंत्र कंपनी काढली; आरंभींच्या विहिरींचा धोका तिनें पत्करावा, आणि वाफ हातीं लागल्यावर वीजकेंद्र उभारण्यास इतरांस बोलवावें, अशी ती योजना होती. आज त्या देशांतील विजेपैकीं चार-दशांशांहून अधिक वीज भूमीच्या उष्णतेपासून मिळते.

येथें कोणी विचारील, मग आपल्या उन्हवऱ्यास वीजकेंद्र कां नको? ह्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. कोंकणच्या झऱ्यांत सर्वांत ऊन म्हणून जें उन्हवऱ्याचें पाणी, तेंहि ७० अंशांच्याच आसपास आहे. अलास्कांतील चेना येथें २००६ सालापासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज निघते हें खरें. तेथें लवकर उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्यानें तापवून त्याच्या वाफेनें चक्र फिरवितात. परंतु ती वाफ पुनः निववावयास चेना येथें चार-पांच अंशांचें थंडगार पाणी मिळतें, आणि विजेचें गणित ऊन व थंड ह्यांतील अंतरावर अवलंबून असतें. कोंकणांत निववावयाचें पाणीच पंचवीस-तीस अंशांचें, म्हणून तेथें लाभ पुष्कळच घटतो. तथापि कोकम, आंबापोळी, मासळी हीं पावसाळी हवेंत वाळविण्यास सत्तर अंशांची ऊब पुरेशी आहे. प्रत्येक झऱ्याकडून विजेची अपेक्षा करणें हा त्या झऱ्यावर अन्याय होईल. विजेसाठीं खोल खोदावयाचें तें पुगा, छत्तीसगडांतील तातापानी अशा निवडक ठिकाणीं.

आतां ह्या मार्गांतील दोषहि सांगितले पाहिजेत. न्यूझीलंडांत वायराकी येथें १९५८ सालीं वीजकेंद्र सुरू झालें, आणि पाण्याचा उपसा वाढल्यावर शेजारच्या खोऱ्यांतील उसळते झरे बंद पडले. रोटोरुआ शहरांत घरोघरीं बोअरी झाल्यामुळें तेथील प्रसिद्ध झरे क्षीण होऊं लागले. तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें पोहुतू नामक झऱ्याभोंवतालच्या दीड किलोमीटरांतील बोअरी बंद करविल्या, व त्यानंतर झरे पुनः सावरूं लागले. कोरड्या खडकांत दाबानें पाणी घालून भेगा पाडण्याची रीत स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें भूकंपाच्या धक्क्यांमुळें २००६ सालीं थांबवावी लागली. आपल्या पुग्यांतहि ह्याचा अनुभव आला. तेथें एक मेगावॅटचें प्रायोगिक केंद्र उभारण्याचा करार फेब्रुवारी १९२१ नव्हे, २०२१ मध्यें, म्हणजे पहिल्या छिद्रांनंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें झाला. आणि ऑगस्ट २०२२ मध्यें खोदकाम चालू असतां भूगर्भांतील द्रव उसळून ओढ्यांत मिसळल्यामुळें काम थांबवावें लागलें. अशा पाण्यांत बोरॉन, आर्सेनिक असलीं द्रव्यें असूं शकतात, आणि तोच ओढा चांगपांच्या पश्मिना शेळ्या पितात. तेव्हां वर काढलेलें पाणी पुनः खोल सोडणें, झऱ्यांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवणें, आणि तीर्थाच्या कुंडास धक्का लागूं न देणें, हीं बंधनें पहिल्या दिवसापासून पाळलीं पाहिजेत.

लाभाचा अंदाजहि फुगवून सांगण्यांत अर्थ नाहीं. २०२५ सालीं देशांतील एकूण वीजक्षमता पांच लाख मेगावॅटपर्यंत गेली. तिच्या मानानें १०,६०० हा आंकडा शेंकडा दोनच भरतो. परंतु सूर्यावरील वीज सूर्यास्ताबरोबर थांबते, आणि वर्षाची सरासरी पाहतां तें यंत्र आपल्या पूर्ण शक्तीच्या पंचमांशाइतकेंच काम करतें. भूमीची उष्णता मध्यरात्रीं व आषाढांतहि तितकीच असते. घरांत मिळवते हात पुष्कळ असले, तरी रात्रीं जागणारें एक माणूस लागतेंच. विजेच्या संसारांत ती जागा आज कोळसा संभाळतो. तो हळूहळू मागें सारावयाचा असेल, तर रात्रीचा दुसरा भरंवसा शोधला पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें भूऔष्णिक ऊर्जेचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. संशोधनास साहाय्य, जुन्या तेलविहिरींचा उपयोग, शेती व इमारतींसाठीं उष्णतेचा वापर असे अनेक विषय त्यांत आले आहेत. धोरण स्वागतार्ह आहे. परंतु त्याची परीक्षा पहिल्या दहा-वीस खोल विहिरींचा खर्च व अपयश सरकार स्वतःच्या अंगावर घेतें कीं नाहीं ह्यावर होईल. त्यांतील पांच-सात कोरड्या निघतील. तेव्हां वर्तमानपत्रांतून 'पैसा मातींत गेला' अशी ओरड होईल, आणि त्या वेळीं सुशिक्षित कुटुंबांनीं तिला साथ न देणें, ही ह्या कार्यास मोठीच मदत ठरेल. प्रत्येक विहिरीचें निष्पन्न, यश असो वा अपयश, लोकांपुढें मांडलें जावें, एवढा आग्रह मात्र आपण अवश्य धरावा.

आणि उष्णता हातीं लागली म्हणजे तिचा पहिला वांटा त्या भूमीवर राहणाऱ्यांस मिळावा. रेक्याविकास जो नळ प्रथम आला तो शाळेंत गेला. पुग्याचें पाणीहि प्रथम तेथील निवासी शाळेच्या वर्गांत व न्हाणीघरांत जावें. विजेच्या तारा त्यानंतर दूरच्या शहरांकडे खुशाल जाऊं द्याव्यात.