संगणकीय आरेखनातील पृष्ठभूमीचा रंग : वसई-विरारच्या इमारत-नकाशांच्या संदर्भात

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करण्याच्या प्रणालींत पडद्याच्या पृष्ठभूमीचा रंग बदलण्याची सोय असते. ही सोय केवळ आवडीनिवडीची बाब आहे, असा समज सहज होतो. परंतु नकाशातील रंगाला जेथे कायदेशीर अर्थ असतो, तेथे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या नगरात मंजूर नकाशा हाच पुढे अधिकृत व अनधिकृत बांधकाम यांतील भेद ठरविण्याचा आधार होय. या क्षेत्रासाठी १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. पुढे २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. आज तेथील बांधकामास राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. अशा ठिकाणी नकाशातील एखादी रेषा दृष्टीआड झाली, तर तो केवळ सौंदर्याचा दोष ठरत नाही.

रंगाचा अर्थ पृष्ठभूमीवर अवलंबून असतो, ही जाणीव संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीने निघणाऱ्या निळ्या प्रतीत प्रकाश पोचलेला सर्व भाग निळा होई व रेषांखाली झाकलेला भाग पांढरा राही. पुढे प्रचारात आलेल्या अमोनिया प्रतीत याच्या उलट घडले : कागद फिकट राहून रेषा गडद निळसर उमटू लागल्या. राष्ट्रीय इमारत संहितेतील नकाशा रंगविण्याच्या तक्त्यात हा फरक स्पष्टपणे गृहीत धरलेला आहे. त्यानुसार विद्यमान बांधकाम पांढऱ्या कागदावर काळ्या, निळ्या प्रतीवर पांढऱ्या, तर अमोनिया प्रतीवर निळ्या रेषेने दाखवावयाचे असते. अर्थ एकच, पृष्ठभूमी बदलताच त्याचा रंग बदलतो. पाडावयाच्या भागास पिवळ्या तिरप्या रेषा, प्रस्तावित कामास लाल भरीव रंग व विद्यमान रस्त्यास हिरवा, हे संकेतही त्याच तक्त्यात आढळतात.

संगणकाच्या पडद्यावर प्रथम काळी पृष्ठभूमी का आली, याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. जुन्या काचनळीच्या पडद्यावर प्रकाश नसणे म्हणजेच काळा रंग. रेषा तेवढी उजळावी लागे. सबंध पडदा पांढरा ठेवल्यास त्याची थरथर डोळ्यास जाणवे. १९८२ मध्ये प्रसृत झालेल्या ऑटोकॅडने हीच परंपरा पुढे चालविली. त्याच्या अलीकडील आवृत्त्यांत आरेखनाची जागा गडद करडी व छपाईच्या मांडणीचे पान पांढरे असते. ‘ऑप्शन्स’ या आज्ञेतील ‘डिस्प्ले’ विभागात ‘कलर्स’ निवडले असता या दोहोंचे रंग स्वतंत्रपणे बदलता येतात, आणि मूळ रंग परत आणण्याची सोयही तेथेच आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. निवडलेला हा रंग नकाशाच्या धारिकेत साठविला जात नाही. तो त्या संगणकावरील वापरकर्त्याच्या मांडणीचा भाग असतो. म्हणून एकच धारिका आर्किटेक्टच्या कचेरीत काळ्यावर, तर तपासनिसाच्या टेबलावर पांढऱ्यावर उघडली जाऊ शकते. याचा परिणाम किती होतो, हे आंतरजालावरील सुगम्यतेच्या मानकांत वापरल्या जाणाऱ्या तेजोभेदाच्या गुणोत्तराने मोजता येते. काळा व पांढरा यांतील गुणोत्तर २१ आहे. शुद्ध पिवळ्या रंगाचे गुणोत्तर काळ्यावर सुमारे १९.६, पण पांढऱ्यावर केवळ १.०७ भरते. शुद्ध निळ्याचे काळ्यावर २.४ व पांढऱ्यावर ८.६, तर लालाचे अनुक्रमे ५.३ व ४.० आहे. म्हणजे पाडावयाची भिंत दाखविणारी पिवळी रेषा काळ्या पडद्यावर सर्वांत ठळक असते आणि कागदावर जवळजवळ नाहीशी होते. जुन्या घराचा काही भाग पाडून नवे बांधण्याच्या प्रस्तावात नेमकी हीच रेषा महत्त्वाची असते.

कोणत्याही रंगाच्या या दोन गुणोत्तरांचा गुणाकार नेहमी २१ येतो. एका पृष्ठभूमीवर जेवढे मिळते, तेवढे दुसरीवर गमवावे लागते. मध्यम करडा रंग घेऊन दोन्ही साधण्याचा प्रयत्नही फलदायी होत नाही. कारण काळा व पांढरा या दोहोंपासून समान अंतर राखणाऱ्या करड्यावर कोणत्याही रंगाचे गुणोत्तर ४.६ च्या पलीकडे जात नाही. सारांश, सर्व रंगांना सारखीच अनुकूल अशी पृष्ठभूमी अस्तित्वात नाही.

ऑटोकॅडमधील सातव्या क्रमांकाचा रंग या अडचणीवरील एक मर्यादित उपाय आहे. तो गडद पृष्ठभूमीवर पांढरा व फिकट पृष्ठभूमीवर काळा दिसतो. निळ्या प्रतीच्या तक्त्यातील तत्त्वच येथे यंत्राने अंगीकारले आहे. परंतु तीच रेषा तिन्ही मूलरंगांचे मूल्य २५५ देऊन ‘खरा’ पांढरा रंग म्हणून काढली, तर ती पालटत नाही. काळ्या पडद्यावर दोन्ही रेषा एकसारख्या दिसतात. पांढऱ्या पानावर मात्र दुसरी अदृश्य होते.

यावरून तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, दीर्घकाळ काम करताना डोळ्यास व खोलीतील उजेडास मानवेल ती पृष्ठभूमी ठेवावी. परंतु नकाशा सादर करण्यापूर्वी तो पांढऱ्या पृष्ठभूमीवर एकवार अवश्य तपासावा, कारण अखेरचा कागद पांढराच असतो. दुसरा, रेषेचा अर्थ तिच्या दृश्य रंगात नव्हे, तर तिच्या लेअरच्या नावात ठेवावा, आणि छपाईचा रंग व जाडी छपाईच्या तक्त्यातून ठरवावी. तिसरा, कोणताही अर्थ एकट्या रंगावर सोपवू नये. संहितेने पाडकामास पिवळ्याबरोबर तिरप्या रेषा व प्रस्तावित कामास लालाबरोबर भरीवपणा सांगितला आहे, तो याच दृष्टीने उपकारक ठरतो : लाल व हिरवा यांतील भेद ज्यांस दिसत नाही, त्यांसही नकाशा वाचता येतो. पिवळ्या तिरप्या रेषांभोवती काळी सीमारेषा व शेजारी शब्दांत टीप दिल्यास नियमाचा भंग न होता वाचनीयता वाढते.

पृष्ठभूमी हा नकाशाचा भाग नव्हे, हे खरे. तथापि नकाशातील प्रत्येक रंग तिच्या सापेक्ष असतो. तो बदलण्याचे स्वातंत्र्य आरेखकास आहे. पण पृष्ठभूमी बदलल्यावरही जो नकाशा तोच अर्थ सांगतो, तोच पुढे पुरावा म्हणून टिकतो.