कुलूप, किल्ली आणि पेटंट

बुलढाणा जिल्ह्यातले उंद्री घ्या किंवा मुंबईतले लालबाग घ्या, दाराला लावलेले कुलूप हातात घेऊन पाहिले तर कंपनीच्या नावाखाली ‘६ लिव्हर’ किंवा ‘७ लिव्हर’ असे कोरलेले बऱ्याचदा दिसते. काही कुलपांच्या खोक्यावर पेटंट घेतल्याचेही छापलेले असते. ते वाचून गिऱ्हाईक खूश होते. पेटंट म्हणजे काहीतरी गुपित, दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेली युक्ती, असा आपला समज असतो. खरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. पेटंट घेतलेल्या कुलपाची आतली रचना आकृत्यांसह कोणालाही वाचायला मिळते. चोरालासुद्धा!

वर्गात हे सांगितले की एखादे चुणचुणीत मूल लगेच विचारते, “मग ते कुलूप सुरक्षित कसे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना कुलूप, टेलिफोन आणि विहिरीवरची मोटर या तीन गोष्टी एका रांगेत येऊन उभ्या राहतात, म्हणून आपण त्याच्याच मागे जाऊ.

मराठी परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ असा शब्द आहे. एकस्व म्हणजे शोधक आणि समाज यांच्यातला सौदा. शोधकाने आपली युक्ती पूर्णपणे उघड करायची. त्या विषयातल्या जाणकाराला ती वाचून वस्तू तयार करता आली पाहिजे. त्या बदल्यात ठरावीक काळ ती वस्तू बनवण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क एकट्या त्याचा. आपल्याकडे हा काळ अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा आहे. तो संपला की युक्ती सर्वांची. शोधकांनी आपले हुन्नर कबरीत नेऊ नयेत, यासाठी हा सारा खटाटोप.

भारतात असा कायदा पहिल्यांदा १८५६ मध्ये झाला. त्याखाली त्याच वर्षी पहिला अर्ज आला तो कोलकात्याचे इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांचा. शोध कशाचा? पंखा ओढण्याच्या यंत्राचा. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढत बसायला त्या काळी माणूस ठेवलेला असे. त्याच्या जागी यंत्र बसवायचे होते. म्हणजे आपल्या देशातल्या पेटंटांची सुरुवातच घरगुती सोयीच्या वस्तूपासून झाली. त्या वेळी हक्काची मुदत १४ वर्षे होती.

आता कुलपाकडे वळू. लिव्हर म्हणजे पितळेची किंवा लोखंडाची पातळ पट्टी. अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक रचून एका खिळीवर बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. कुलूप उघडायचे तर आतल्या दांड्याचे एक बोंड या सगळ्या खाचांतून सरकावे लागते. सर्व खाचा एका रेषेत आल्या तरच ते सरकते. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी नेमकी हवी तितकी उचलतो. एखादी पट्टी कमी उचलली तर बोंड अडते, आणि जास्त उचलली तरीही अडते. हे ‘जास्त उचलले तरीही’ महत्त्वाचे आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये पेटंट घेतले ते याच कल्पनेवर. त्याआधीच्या साध्या कुलपात अडसर पुरेसा वर ढकलला की काम भागत असे.

पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या, एक टाचणी आणि आगपेटीची एक काडी एवढ्या साहित्यात याचा नमुना वर्गात तयार होतो. तिन्ही पट्ट्यांचे एक टोक टाचणीने फळीवर टोचा, दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या उंचीवर काडीएवढी खाच कापा, आणि तिन्ही खाचा जुळवून काडी आत सरकवायला मुलांना सांगा. मग हिशोब घाला. समजा, प्रत्येक पट्टी सात वेगवेगळ्या उंचींवर अडू शकते. पट्ट्या सहा असतील तर किल्ल्या किती प्रकारच्या होतील? सात गुणिले सात असे सहा वेळा, म्हणजे १,१७,६४९. लिव्हरची संख्या कुलपावर अभिमानाने का कोरतात ते यावरून कळते. पट्टी एक वाढली की शक्यता सातपट होतात.

पेटंट वाचून चोराला काय समजले? पट्ट्या आहेत, खाचा आहेत, त्या जुळवाव्या लागतात. पण तुमच्या दारावरच्या कुलपात कोणती पट्टी किती उचलायची हे त्या कागदात नसते. ते फक्त तुमच्या किल्लीत असते. रचना उघड आणि किल्ली गुप्त, हा यातला मुद्दा.

हा मुद्दा लोकांना सहजासहजी पटला नाही. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्स नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. चब कंपनीचे कुलूप त्या काळी अभेद्य समजले जाई. १८१८ च्या पेटंटाच्या त्या कुलपात चुकीच्या किल्लीने एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली तर ती तिथेच अडकून बसे आणि कोणीतरी हात घातला होता हे मालकाला कळे. हॉब्सने ते सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षे आव्हान म्हणून ठेवलेले होते. तेही त्याने १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून उघडले आणि २०० गिनींचे बक्षीस नेले.

मोठा गहजब झाला. असल्या गोष्टी जाहीर केल्याने चोरांना शिकवणी मिळते, अशी ओरड झाली. हॉब्सचे म्हणणे असे की चोरांना हे आधीपासूनच ठाऊक असते. अंधारात असतात ते कुलूप विकत घेणारे भले लोक. आम्हाला हॉब्सची बाजू बरोबर वाटते. कुलपाचे सगळे भाग कागदावरच्या मापाइतके तंतोतंत कधीच बनत नाहीत. केसाएवढ्या फरकामुळे दांड्यावर जोर दिला की सगळ्या पट्ट्या एकदम न अडता एखादी आधी अडते. दुबळेपणा कल्पनेत नव्हता, तो मापातल्या ढिलाईत होता. हे चारचौघांत बोलले गेले म्हणून पुढच्या कारागिरांनी पट्ट्यांना फसव्या खाचा पाडल्या आणि मापे काटेकोर केली. आपल्याकडचे भुरटे चोर अर्थात एवढ्या भानगडीत पडत नाहीत. ते कुलपाला हात न लावता कोयंडाच उचकटतात!

मुंबईत हे काम आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला एका छोट्या शेडमध्ये सुरू केले. वकिली सोडून ते कुलपांकडे वळले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी स्प्रिंग नसलेल्या कुलपाचे पेटंट मिळवले. कल्पना साधी पण मोलाची होती: स्प्रिंग गंजते, थकते, धुळीने अडकते. पावसाळी दमट हवेत आणि उन्हाळ्याच्या फुफाट्यात कुलूप पहिल्यांदा बिघडते ते तिथेच. बिघडणारा भाग सुधारण्यापेक्षा तो काढूनच टाकणे, हाही शोध असू शकतो.

किल्ली धातूचीच असावी असे मात्र नाही. उंद्रीच्या शिवारात शेतीला वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती बाळगत विहिरीपर्यंत जायचे, स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे आणि परत यायचे. वीज गेली की पुन्हा तेच. यावर पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केले. आजोबांची पंपासाठी चाललेली पायपीट त्यांनी लहानपणी पाहिली होती. स्टार्टरला मोबाइल जोडायचा, घरून त्याला फोन लावायचा आणि ठरलेले आकडे दाबायचे, मोटर सुरू. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या यंत्राला पारितोषिक मिळाले.

स्टार्टरला आकडा कळतो कसा? फोनचे बटण दाबल्यावर जो ‘टूं’ आवाज येतो तो एक स्वर नसतो, दोन असतात. बटणांच्या प्रत्येक आडव्या ओळीला एक स्वर आणि प्रत्येक उभ्या ओळीला एक. ‘५’ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ हे दोन स्वर एकत्र वाजतात. ‘७’ दाबले की ८५२ आणि १२०९. पलीकडची चकती हे दोन्ही स्वर वेगळे करून आकडा ओळखते. एकच स्वर ठेवला असता तर बोलण्यातला किंवा शिट्टीचा एखादा सूर त्याच्याशी जुळून मोटर भलत्या वेळी सुरू झाली असती. स्वरांच्या जोड्याही अशा निवडल्या आहेत की माणसाच्या आवाजात त्या सहसा एकत्र येत नाहीत. अमेरिकेतल्या बेल कंपनीने ही पद्धत १९६३ मध्ये लोकांसाठी आणली. तिचे आकडे आज कुठल्याही पुस्तकात सापडतात, तरी शेजारच्याला तुमची मोटर चालू करता येत नाही. कारण तुमचा सांकेतिक आकडा त्याला ठाऊक नसतो. पुन्हा रचना उघड, किल्ली गुप्त.

इथे मुले दुसरा प्रश्न विचारतात: मोबाइल जुना, स्टार्टर जुना, मग नवे ते काय? पेटंट कचेरीतले परीक्षकही नेमके हेच विचारतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची एक परिचारिका राहत असे. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेगळ्या, वस्ती धोक्याची, पोलीस उशिरा येणार. तिने व तिचा नवरा आल्बर्ट यांनी १९६६ मध्ये एका योजनेसाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट मिळवले. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्या मागे वरखाली सरकणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, दोन्हीकडून बोलण्याची सोय, बसल्या जागी दार उघडण्याचे बटण आणि धोक्याच्या इशाऱ्याचे बटण. यातला एकही सुटा भाग तिने शोधला नव्हता. दार न उघडता आलेला माणूस पाहायचा, त्याच्याशी बोलायचे आणि मगच ठरवायचे, ही जुळणी नवी होती. आज शहरांतल्या इमारतींत दाराशी कॅमेरे दिसतात, त्यांच्यामागे हीच कल्पना आहे.

पेटंट मिळाले की पैसा मिळतो, ही समजूत मात्र शंकर आबाजी भिसे यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेल्या या मराठी माणसाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या स्पर्धेत बक्षीस मिळवले. पुढे ते लंडनला गेले. विजेवर चालणाऱ्या जाहिरातीच्या पाट्या, स्वयंपाकघरातली उपकरणे, छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र असे त्यांचे दोनशेच्या आसपास शोध सांगितले जातात, आणि त्यांतले चाळीसेक पेटंट घेतलेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, सर रतन टाटांनी भांडवल दिले. तरीही यंत्र कागदावरून कारखान्यात आणि कारखान्यातून बाजारात नेताना पैसा पुरा पडला नाही. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला वारले. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देते. वस्तू विकून देत नाही.

आता शाळेच्या उंबरठ्यावरची गोष्ट. दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात दार ढकलले की वाजणारी घंटा असतेच. तिला पेटंट मिळणार नाही, कारण ती जगाला ठाऊक आहे. पण एखाद्या वर्षी एखादी मुलगी खरोखर नवे काहीतरी करते, आणि तिथे शिक्षकांनी एक नियम माहीत असायला हवा. अर्ज करण्यापूर्वी शोध चारचौघांत मांडला, वर्तमानपत्रात छापून आला, की तो कायद्याच्या दृष्टीने ‘नवा’ राहत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत आहे. तालुक्याची प्रदर्शने सहसा त्यांत बसत नाहीत. म्हणजे कौतुकाने केलेला सत्कारच तिच्या हक्कावर घाला घालू शकतो.

त्यावर तोडगा आहे. शोध पूर्ण झाला नसला तरी तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज आधी करता येतो. १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यायचे. अर्जाची तारीख पक्की झाली की खुशाल प्रदर्शनात मांडावे. व्यक्तीने ऑनलाइन केलेल्या अर्जाची फी १,६०० रुपये आहे. परीक्षणाची फी वेगळी आणि जास्त. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. नागपूरला केंद्र सरकारची बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे, विदर्भातल्या शाळांना ती जवळची. आणि आधी झालेली पेटंटे शोधून वाचायला तर काहीच पैसे पडत नाहीत, घरच्या मोबाइलवरही ती दिसतात.

ती वाचताना सुरुवात शेवटून करावी. पेटंटाच्या अखेरीस ‘दावे’ असतात. प्रत्येक दावा एकाच वाक्याचा, कितीही लांबला तरी. त्या वाक्याच्या पहिल्या भागात जुने काय ते असते आणि बहुधा ‘ज्याचे वैशिष्ट्य असे की’ यानंतर नवे. प्रदर्शनात भाग घेणाऱ्या मुलांना आपल्या वस्तूचा दावा असाच एका वाक्यात लिहायला सांगून पाहा. ‘एक दारघंटा, जिच्यात घट, तार व कळ आहे, आणि जिचे वैशिष्ट्य असे की...’ यापुढे पेन किती वेळ थांबते ते पाहावे.