मोठे इंजिन कोणत्या रस्त्यासाठी?

लडाख किंवा स्पितीच्या दुचाकी प्रवासाचा विषय निघाला की गाडीच्या निवडीबाबत एक वाक्य हमखास ऐकवले जाते : ‘दोनशे सीसीची गाडी तिकडे चढतच नाही, वर जायचे तर इंजिन मोठेच हवे.’ हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की रॉयल एन्फील्डची हिमालयन ४५० आणि हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही या दोन गाड्यांमध्ये घुटमळणारा ग्राहक दुसरीचा विचार तिथेच सोडून देतो. वस्तुस्थिती मात्र जवळजवळ उलटी आहे : मोठ्या इंजिनाची खरी गरज भासते ती खिंडीपर्यंत नेणाऱ्या सपाट महामार्गावर, आणि खिंडीच्या वाटेवर जे महत्त्वाचे ठरते ते गाडीचे वजन.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, अर्थात दट्ट्या खालीवर होताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा मोकळी होते तिचे आकारमान. हिमालयनचे ते ४५२ आहे आणि तिची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आहे, एक्सपल्सचे १९९.६ असून शक्ती सुमारे १९ अश्वशक्ती आहे. आता उंचीचा परिणाम पाहावा. विमानविद्येत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणाच्या सूत्रांनुसार ५,३०० मीटरवर, म्हणजे मनाली-लेह मार्गावरील तांगलांग ला खिंडीच्या उंचीवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के उरते. टर्बो नसलेले कोणतेही इंजिन आपल्या आकारमानाएवढीच हवा ओढते, आणि तिच्यातला प्राणवायू घटला की शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. हिमालयनच्या ४० पैकी २३ आणि एक्सपल्सच्या १९ पैकी ११ अश्वशक्ती उरतात. विरळ हवा इंजिनाचा आकार विचारून शक्ती कापत नाही. टक्केवारी दोघींना सारखीच लागू होते.

यावर ‘आता इंजेक्शन आले आहे, त्यामुळे उंचीचा प्रश्न मिटला’ असे उत्तर येते, आणि तेही अर्धेच खरे आहे. इंधन-इंजेक्शन प्रणाली हवेचा दाब ओळखून पेट्रोलचे प्रमाण जुळवते. ती हवा निर्माण करत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानाने कमी होत नसे, मिश्रण गडद होई, प्लग काळा पडे आणि गाडी धूर ओकत जागीच घुटमळे. लहान गाड्या वर चढत नाहीत ही दंतकथा बहुधा त्या काळातली असावी. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. दंतकथा मात्र अजून जुन्याच मिश्रणावर धावते आहे.

मग ११ अश्वशक्ती पुरते का? दर शंभर मीटरला आठ मीटर चढणारा खडीचा रस्ता, सुमारे १६० किलोची एक्सपल्स, ७५ किलोचा चालक, २० किलो सामान आणि ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला, तर गुरुत्वाकर्षण, खडीचा अडसर आणि वारा यांवर मात करण्यासाठी चाकाशी साडेतीन अश्वशक्तीहूनही थोडी कमीच लागते. मागे दुसरी व्यक्ती बसली तरी हा आकडा साडेचारच्या पुढे जात नाही. साखळी आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी शक्ती वजा करूनही चाकाशी नऊच्या आसपास उरतात. कमी पडतो तो बहुतेकदा चालकाचा दुसऱ्या गिअरवर उतरण्याचा समजूतदारपणा, आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

वजनाचा हिशेब यापेक्षा कठोर आहे. हिमालयनचे इंधन-ऑइलसहित वजन १९६ किलो आहे, म्हणजे दोन्ही गाड्यांत सुमारे ३६ किलोंचा फरक. तांदळाचा २५ किलोंचा कट्टा आणि वर आणखी दहा-अकरा किलो. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. ग्राम्फू ते बातल या स्पितीच्या वाटेवर मात्र रस्ता म्हणजे मधूनमधून नदीचेच पात्र असते, दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचे पाणी वाढते आणि पुढचे चाक पाण्याखालच्या गोलसर धोंड्यावरून घसरते. आडवी पडलेली गाडी उचलताना भिजलेला बूट दगडावर टेकवून, एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या कॅरिअरवर ठेवून, पाठ ताठ राखत पायांनी जोर लावावा लागतो. चार हजार मीटरच्या आसपास हे दुसऱ्यांदा करताना धाप लागलेल्या माणसाला त्या ३६ किलोंचा अर्थ कळतो, कारण विरळ हवेत इंजिनाप्रमाणे माणसाचीही ताकद घटते.

हिमालयनची बाजू लंगडी आहे असा याचा अर्थ नाही. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतेक रस्ता सपाट आहे. मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा, ताशी ८० चा वेग आणि समोरून वारा अशा स्थितीत चाकाशी सुमारे ११ अश्वशक्ती खर्च होतात. ट्रक ओलांडण्यासाठी एक्सपल्सकडे मग जेमतेम पाच उरतात, हिमालयनकडे वीसहून अधिक. शिवाय हिमालयनच्या सस्पेन्शनची हालचाल दोन्ही चाकांना २०० मिलिमीटर आहे, एक्सपल्सची पुढे १९० व मागे १७०, आणि दोघांच्या ओझ्याखाली हा फरक कामी येतो. म्हणून घरापासून दोघांनी गाडीवरच जायचे असेल तर हिमालयन योग्य. एकट्याने जायचे असेल आणि गाडी रेल्वेने चंडीगडपर्यंत पाठवायची असेल, तर हिमालयनच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवादच मालडब्यात संपतो.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा देण्याचे कारण नाही. मोठी टाकी म्हणजे मोठा पल्ला, हे मनाली-लेह मार्गावरच्या टांडीच्या पंपावरील ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ या प्रसिद्ध पाटीमुळे सर्वांना पटते; पण १७ लिटरची हिमालयन लिटरला २८ आणि १३ लिटरची एक्सपल्स ३६ किलोमीटर गेली, तर दोघींचा पल्ला पावणेपाचशेच्या आसपासच येतो. मोठी गाडी बुटक्यांसाठी उंच, हे या जोडीपुरते तरी खोटे आहे, कारण दोघींची आसने ८२५ मिलिमीटरवरच आहेत. वर थंडी असल्याने इंजिन तापत नाही, हेही चूक. विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते आणि रांगत्या वेगात वारा लागत नाही, म्हणून ऑइलने थंड होणाऱ्या एक्सपल्सला अधूनमधून विसावा द्यावा. खडीवर मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्यात तथ्य आहे, पुढचे बंद करण्यात फक्त धाडस आहे. आणि खारदुंग ला म्हणजे जगातला सर्वांत उंच वाहनयोग्य रस्ता, असे फोटोखाली लिहिणाऱ्यांनी जाणून घ्यावे की जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेली ती खिंड प्रत्यक्षात सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर आहे, आणि सीमा रस्ते संघटनेने उमलिंग ला येथे बांधलेला रस्ताच १९,०२४ फुटांवर आहे.