कपाटातले यंत्र आणि शाळेतले हात

मुख्याध्यापकपदाचा कार्यभार स्वीकारताना आमच्या हाती प्रथम दोन वस्तू आल्या: किल्ल्यांचा जुडगा आणि डेड स्टॉक रजिस्टर. ते रजिस्टर आम्ही त्या दिवशी एखाद्या बखरीसारखे वाचीत गेलो. रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर एक, रंगीत दूरदर्शन संच एक, संगणक चार, ध्वनिवर्धक एक, प्रोजेक्टर एक, आणि सर्वांत अलीकडची नोंद, कॅमेरे आठ. वस्तू सगळ्या जागच्या जागी होत्या. कॅसेट प्लेअरवरचे प्लॅस्टिकचे वेष्टनसुद्धा शाबूत होते.

शाळेत जे यंत्र इतके सुस्थितीत राहते ते बहुधा वापरलेले नसते. हे सांगताना आम्हांला भूषण वाटत नाही, कारण उमेदवारीच्या काळात आम्हीही तेच केले आहे. यंत्र बिघडले की दुरुस्तीचा अर्ज, अर्जामागून स्मरणपत्र, आणि शेवटी हलगर्जीपणाचा ठपका. कपाटात राहिले तर मात्र कोणी काही विचारीत नाही. मग शिक्षक कपाटाला कुलूप लावतो, यात नवल ते काय?

परंतु यंत्र घडविणाऱ्याने वापरणाऱ्याच्या हाताचा विचार केला, असेही आपल्या देशात घडलेले आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा उपग्रह-दूरदर्शनाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचत. त्यांत आपल्या कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील खेडीही होती. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. संदेश झेलण्याकरिता दहा फूट व्यासाची जी छत्री उभारली होती, ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. जाळी हलकी, स्वस्त, आणि वारा तिच्यातून आरपार जाणारा. संच सांभाळण्यासाठी गावातलाच माणूस नेमीत. पुष्कळदा तो शाळेचा मास्तरच असे. भाषा मात्र हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या चारच होत्या. मराठीचा त्यांत समावेश नव्हता. भाषेचा हा प्रश्न पुढे आमच्याही दाराशी येणार होता.

आमच्या प्रोजेक्टरची हकीकत याच्या उलट आहे. त्यातील दिवा अतिशय तापतो. चित्र बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहून तो दिवा थंड करतो. तोवर विजेचा पुरवठा तोडावयाचा नसतो. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत इंग्रजीत बारीक टाइपात छापलेली होती. इकडे शाळेची शिस्त अशी की, घंटा झाली की वर्गातील दिवे-पंखे भिंतीवरच्या मुख्य बटणाने बंद करून मगच बाहेर पडावयाचे. आमच्या शिपाईमामांनी ही शिस्त चोख पाळली आणि दिवा दोन महिन्यांत गेला. दोष मामांचा होता काय? वीज वाचवा म्हणून आम्हीच त्यांना वर्षानुवर्षे बजावीत आलो होतो. प्रोजेक्टरसाठी वेगळी जोडणी करून तिचे बटण उंचावर बसविणे हे चार-पाचशे रुपयांचे काम होते. ते कोणाच्या मनात आले नाही.

कॅमेऱ्यांचे प्रकरण मात्र आमच्या जिव्हारी लागले. एके दिवशी शाळा सुटून दोन तास झाले तरी पाचवीतील एक मुलगा घरी पोचला नव्हता. त्याची आई धावत शाळेत आली. फाटकावर कॅमेरा होताच. ती म्हणाली, "सर, एवढे कॅमेरे लावलासा, माझं पोरगं कुठल्या बाजूला गेलं तेवढं सांगा की." आम्ही रेकॉर्डरसमोर बसलो. पडद्यावर परवलीचा शब्द मागितला जात होता, आणि तो ठाऊक असलेले शिक्षक चार महिन्यांपूर्वी बदलून गेले होते. त्यांना फोन लावला, बऱ्याच वेळाने लागला, शब्द मिळाला. आता घड्याळ! रेकॉर्डरमधील नाण्याएवढा सेल संपल्यामुळे वीज गेली की त्याची तारीख-वेळ मूळपदावर जाई. सायंकाळचे चित्रण भलत्याच सालाखाली नोंदले गेले होते. आम्ही ते धुंडाळीत असतानाच निरोप आला की, मुलगा मामाच्या गावच्या बसमध्ये चढला होता आणि सुखरूप पोचला आहे. कॅमेऱ्यांनी काहीच सांगितले नाही. सांगितले ते बसच्या वाहकाने. ती माउली हात जोडून निघून गेली. तिने एक शब्द बोलून दाखविला असता तर आम्हांला बरे वाटले असते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांसाठी नियम केला की, प्रवेशद्वारे, मार्गिका, जिने, वर्ग इत्यादी ठिकाणी कॅमेरे असावेत, स्वच्छतागृहे वगळावीत, आणि चित्रण किमान १५ दिवस जपावे. आमची शाळा त्या मंडळाची नाही. तथापि नियम वाचताना आम्हांला प्रश्न पडला तो हा की, पंधरा दिवसांचे चित्रण जपण्याआधी ते पाहणार कोण, कोणाच्या परवानगीने, आणि ऐन वेळी किती मिनिटांत? मुलांच्या हालचालींची नोंद ही जोखमीची ठेव आहे. परवलीचा शब्द एकाच्याच डोक्यात असणे जितके वाईट, तितकेच तो फळ्यावर लिहून ठेवणेही वाईट. आम्ही तो लाखबंद लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवला आहे. लिफाफा फोडणाऱ्याने तारीख, वेळ व कारण नोंदवून सही करावयाची, आणि शब्द बदलून नवा लिफाफा करावयाचा. बदलीवर जाणाऱ्या शिक्षकाच्या कार्यभार-यादीतही हे कलम घातले.

आता भाषेविषयी. सीमाभागातील आमच्या शाळेत शिकविणे मराठीत, कचेरीचा पत्रव्यवहार कन्नडात आणि यंत्राच्या पडद्यावर इंग्रजी! पाचव्या तासाला घाईत वर्गात आलेल्या बाईंना 'सिग्नल नाही' एवढी अक्षरे इंग्रजीत दिसली की त्या खडू हाती घेतात. वास्तविक बहुतेक वेळा तार निसटलेली असते, नाहीतर भलताच मार्ग निवडलेला असतो. आम्ही यंत्राच्या अंगावरच मराठी व कन्नड चिठ्ठ्या चिकटविल्या, तारांच्या टोकांना रंगीत सुतळ्या बांधल्या. तांबडी तांबड्यात, निळी निळ्यात. रिमोट हरवतो, म्हणून तो दोरीने टेबलाला बांधला. रावबहादुरी थाटाच्या त्या यंत्राला हे शोभत नाही, हे कबूल; पण त्या आठवड्यापासून ते चालू लागले. वळिवाच्या विजांनी मात्र अद्याप आम्हांला नमविले आहे: कडकडाट ऐकू आला की राउटरची तार काढून ठेवणे एवढाच उपाय आमच्याजवळ आहे. अर्थिंग नीट करून घेण्याचे काम मंजुरीच्या वाटेवर आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले पुण्याला, बेंगळुरूला अभियंते आहेत, आणि गावच्या शाळेला काहीतरी द्यावे असे त्यांना मनापासून वाटते. अशा एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी मोठा पडदा देऊ केला. आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, आधी दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर येऊन बस." तो बसला. पूर्वेच्या खिडक्यांचे ऊन फळ्यावर येते, मागे आवाज पोचत नाही, वीज दिवसातून दोनदा जाते, हे त्याने स्वतः पाहिले. मग त्याने पडद्याचा आकार कमी केला आणि उरलेल्या पैशांतून पडदे, बॅटरी आणि एकच मोठे बटण असलेली जोडणी करून दिली. ते बटण पहिल्यांदा दाबले ते शिपाईमामांनी.

रेकॉर्डरमधला सेल बदलला आहे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर सातवीतील एक विद्यार्थी कार्यालयात येऊन त्याचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि वहीत नोंद करतो. मागच्या सोमवारी ते चार मिनिटे मागे होते.