वजन, कीड आणि दिवसभराचा गोड चहा

दात आणि देह : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण मधुमेह आणि हिरड्यांचं नातं पाहिलं. आज त्याला लागूनच असलेला प्रश्न : वजन जास्त असलेल्या मोठ्या माणसांचे दात जास्त किडतात का?

जगभरच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत स्थूल माणसांचे जास्त दात किडलेले आढळले, काहींत फरकच दिसला नाही, तर काहींत कृश माणसांचे दात अधिक खराब निघाले. याचं कारण असं की चरबी दाताला भोक पाडत नाही. मात्र वजन आणि कीड या दोन्हींना खतपाणी घालणारी एक गोष्ट बऱ्याचदा सामाईक असते, ती म्हणजे साखर.

गणेशोत्सव जवळ आला की पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत मूर्तींवर हात फिरत असतात. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या चालतात. जागरणाला आधार चहाचा, जोडीला बिस्किट नाहीतर खारी. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली तर ती ८ ग्रॅम होते; सहा कपांची ४८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १९० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्के आहे, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे दिवसाचा वाटा नुसत्या चहातच जवळजवळ संपला. गुळाचा चहा घेतल्यानेही यातून सुटका नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. वजनाचा हिशेब दिवसभरात पोटात किती गेलं यावर ठरतो. दातांचा हिशेब मुख्यतः किती वेळा गेलं यावर. गोड तोंडात आलं की दातांवरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. थराचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, गेलेली खनिजं काही प्रमाणात परत बसवते. पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. तासातासाला घोट घेणाऱ्याच्या लाळेला ही उसंतच मिळत नाही. स्वीडनमध्ये १९४५ ते १९५५ या काळात व्हिपेहोल्म या बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयात झालेल्या प्रयोगातून हेच दिसलं. रुग्णांवरचा तो प्रयोग आज कुणी समर्थनीय मानणार नाही. पण जेवणांच्या मध्ये खाल्लेले चिकट गोड पदार्थ सर्वांत घातक, हा त्याचा धडा टिकून आहे.

झोपेत लाळ फार कमी होते. म्हणून रात्रपाळीहून येऊन गोड चहा पिऊन तसंच आडवं होणं दातांना महागात पडतं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि तिच्यामागून वजनही. वजनासोबत येणाऱ्या रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. उलट दिशेनेही नुकसान होतं : दाढा गेल्या की काकडी, कडधान्यं, भाकरी सुटतात आणि मऊ पाव, चहात बुडवलेलं बिस्किट ताटात येतं.

मग काय करावं? चहा पाळीत दोनदाच आणि जेवण-नाश्त्याला लागून घ्या, साखर एका चमच्यावर आणा, अधल्यामधल्या वेळी पाणी प्या. झोपण्यापूर्वी, मग ती झोप रात्रीची असो की सकाळची, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात. आपला आकडा माहीत करून घ्या. रक्तदाब किंवा साखर तपासायला सरकारी रुग्णालयात जाल तेव्हा दातही दाखवून या. कीड लहान असताना दुखत नाही, आणि दात सहज वाचवता येतो तो तेव्हाच.

पुढच्या आठवड्यात : मशेरी, आणि तिने दात बळकट होतात हा समज.