ज्वारीवरचे पोपट आणि छर्ऱ्याची बंदूक

परवा देवळीतल्या एका तरुण शेतकऱ्याने नवी एअर रायफल दाखवली. "भाऊ, ज्वारीवरचे पोपट आता यानंच पाडतो."

नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा बसवायचा, सगळं तो नीट शिकलाय. पुठ्ठ्यावर नेमही छान लागला.

पण पोपटावर नेम धरू नका. ४.५ मिमीपर्यंतची, २० ज्यूलच्या आतली एअरगन विनापरवाना मिळते, म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पोपट संरक्षित आहे. उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीही २०२२च्या दुरुस्तीत गेली.

शिवाय एक पाडला तरी थवा परत येतोच.

त्यापेक्षा चमकपट्टी लावा. एका बाजूने लाल, दुसरीने चंदेरी. पीळ देऊन, कणसांच्या हातभर वर, खुंट्यांना ताणून बांधायची. उन्हात लखलखते आणि वारा लागला की गुणगुणते. त्या आवाजाने पाखरं बिचकतात. जवळ झाडं असतील त्या बाजूला पट्ट्या दाट ठेवा.

दाणा चिकात आल्यावरच बांधा. आधी बांधली तर पाखरं सरावतात. सकाळ-संध्याकाळची राखण मात्र चुकवू नका, तेव्हाच थवे उतरतात.

आणि पाखरं नुसती हाकला, मारू नका: हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या दाणे खातात, तसे नाकतोडेही फस्त करतात.

नेमबाजीची हौस असेल तर मनापासून शिका. १० मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. पुठ्ठ्यामागे मातीचा ढिगारा हवाच, छर्रा उलटून डोळ्याला लागू शकतो.

तुमच्याकडे ज्वारी कशी राखता? पट्टीबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.