हिब्रू उजवीकडून, मराठी डावीकडून

पुण्यात १८७४ साली शिळाछापावर निघालेल्या एका पुस्तकात बेखमीर भाकरींच्या तयारीला लागलेल्या बायकांचे चित्र आहे. सगळ्या साडी नेसलेल्या. पुस्तकाचे नाव हगादा, ते काढणारे दोघे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, आडनाव तळकर. मजकूर हिब्रूत आणि शेजारीच मराठीत.

हगादा हे देवघरात किंवा प्रार्थनालयात ठेवून द्यायचे पुस्तक नव्हे. पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरातली सगळी माणसे जेवणापाशी बसतात आणि मिसरातल्या गुलामगिरीतून सुटका कशी झाली ते त्यातून वाचतात. सुरुवात पोराच्या प्रश्नांनी होते: आजचीच रात्र वेगळी का? पोराला काही कळलेच नाही तर विधीतला अर्थच निघून जातो. मराठीत पहिल्याप्रथम आलेल्या यहुदी पुस्तकांत हगादा असावी, यामागचे कारण बहुधा हेच. पुण्याच्या आधी १८४६ मध्ये मुंबईतही मराठी भाषांतरासह हगादा शिळाछापावर निघाली होती. शिळाछापाचा फायदा उघड होता. हिब्रूचे खिळे जुळवत बसायला नको. सुंदर अक्षर असलेला लेखक मिळाला की दोन्ही लिप्या एकाच दगडावर उतरत.

या पुस्तकांची भूक का होती, हे कोकणात गेल्याशिवाय समजत नाही. अलिबागच्या परिसरातली ही माणसे पिढ्यान् पिढ्या तेल गाळत. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांच्याकडे टिकून होते, ग्रंथ नव्हते. सणांना मात्र अस्सल कोकणी नावे होती. पेसाह म्हणजे अनाशी ढाकाचा सण, आंबटाचे भांडे झाकून ठेवण्याचा. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवून धरायचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. आचार स्वयंपाकघरात शाबूत होता, त्यामागची कथा पुसट झाली होती.

ती कथा परत आणण्यात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचा हात आहे, तसा ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही, आणि हा भाग गमतीचा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले बायबल मराठीत वाचू लागली. धर्मांतर फार थोड्यांनी केले. व्याकरण मात्र अनेकांनी उचलले आणि त्याच्या बळावर आपल्या पूर्वजांचे ग्रंथ उघडले.

उघडणाऱ्यांत सर्वांत चिकाटीचे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५). मिशनच्याच शाळेत शिकलेले. मुंबईतल्या डेव्हिड ससून बेनेव्हलंट इन्स्टिट्यूशनमध्ये १८५६ पासून शिक्षक, १८६१ पासून मुख्याध्यापक, पुढची चाळीसेक वर्षे. शाळा बगदादकडून आलेल्या बगदादी यहुद्यांची, मुख्याध्यापक बेने इस्राएल. दोन्ही समाजांतले अंतर पाहता ही नेमणूक साधी नव्हती. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक होते आणि १८७९ मध्ये फेलो झाले. शाळा सांभाळून त्यांनी विसाहून अधिक पुस्तके लिहिली किंवा मराठीत आणली. त्यांत नित्याच्या आणि सणासुदीच्या प्रार्थना आहेत. प्रार्थना म्हणायची हिब्रूतच. मराठी ती समजण्यासाठी. अशा पुस्तकात एक भाषा उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून, आणि वाचणाऱ्याचे डोळे अधेमधे कुठेतरी भेटतात.

पण पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते. कीर्तनाला ती लागत नाही.

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्राएलांनी थेट हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला. त्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नाव पुढे येते. नमन एकाच, निराकार देवाला. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ साकी-दिंडीत आला, ओवीत आला. श्रोत्यांना चाली तोंडपाठ, वळणे ओळखीची. नवीन होती ती फक्त गोष्ट, आणि तीही त्यांचीच. आख्याने छापूनही निघाली. भाषांतरकाराने आशय पोहोचवला, कीर्तनकाराने तो लोकांच्या तोंडी बसवला. या सगळ्या खटपटीत धाडसाचा मान अष्टमकर मंडळींना द्यायला हवा. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या धर्माने शेजारच्या भक्तिपरंपरेची गायकी घ्यायची आणि धर्म तसूभरही न हलवता घ्यायची, हे कौशल्य राजपूरकरांच्या विद्वत्तेहून वेगळे आहे.

गोष्ट आणि प्रार्थना खुल्या झाल्या. गूढविद्येचे काय?

त्याचे उत्तरही पुण्यातच मिळते. लाल देऊळ हे तिथले यहुदी प्रार्थनालय ज्यांच्यासाठी उभे राहिले त्या बगदादी समाजातल्या अब्राहम डेव्हिड इझिकेल या तरुणाला थिऑसफीची, म्हणजे सर्व धर्मांतले गूढज्ञान शोधणाऱ्या चळवळीची, ओढ लागली होती. थिऑसफिकल सोसायटीचे ठाणे १८७९ ते १८८२ या काळात मुंबईतच होते. इझिकेल यांनी १८८७ मध्ये पुण्यात ‘इद्रा झुटा’ छापले. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या ‘झोहर’ या कब्बालाच्या, म्हणजे यहुदी गूढविद्येच्या, मुख्य ग्रंथातला हा भाग. रब्बी शिमोन बार योहाय मृत्यूच्या दिवशी शिष्यांना देवत्वाची रहस्ये सांगतात, तो. मूळ आरामी मजकूर इझिकेल यांनी बगदादी घराघरांत बोलल्या जाणाऱ्या अरबीत, हिब्रू लिपीतून दिला. त्यावर वादळ उठले. ज्ञान परिपक्व अभ्यासकांपुरते राखून ठेवायची रीत होती, ते बोलीभाषेत विकायला ठेवणे धर्ममार्तंडांना सहन होईना. मोशेचे कीर्तन चालते, झोहरचे भाषांतर चालत नाही: मर्यादा इतकी स्पष्ट होती. शिवाय भाषा अरबी असल्याने मराठी बोलणारे बेने इस्राएल त्या दाराबाहेरच राहिले.

१९४८ नंतर बेने इस्राएलांतले बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, पण नातवंडे शाळेत हिब्रू शिकली. राजपूरकरांच्या पानावरची हिब्रू बाजू त्यांना सहज वाचता येते, अडते ती मराठी. गाणी मात्र मुंबईत आणि इस्रायलमध्येही बायकांच्या तोंडी राहिली. त्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संगीत-संशोधक अ‍ॅना शुल्ट्झ यांचे २०१३ मधले पुस्तक मराठी राष्ट्रीय कीर्तनावर आहे. योसेफाच्या साक्या आणि टिळकांच्या काळातली आख्याने एकाच गायकीच्या दोन शाखा म्हणून ऐकता येतात.